‘पळून गेला’चं इंग्रजी करताना

सांगलीत गेली सत्तावीस वर्षं मी कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. फिर्यादी, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, खालच्या कोर्टाचे निकाल. अपील वर गेलं की हे सगळं इंग्रजीत लागतं. वरच्या कोर्टात बसलेल्या माणसाला फिर्यादीचा चेहरा दिसत नाही, आरोपीचा आवाज ऐकू येत नाही. समोर असतो तो कागद, आणि त्यावरचे शब्द माझे असतात.

या कामात मला सगळ्यात जास्त थांबवणारं वाक्य अगदी साधं आहे: ‘पळून गेला’. आपल्याकडे चोर पळून जातो, कैदी पळून जातो, परीक्षेत नापास झालेला पोरगा पळून जातो, मुलगी पळून जाते, कर्जबाजारी माणूस पळून जातो आणि पुराच्या पाण्यातून जीव घेऊन माणसं पळतात तीही पळूनच जातात. मराठीत एकच क्रियापद सगळ्यांना पुरतं, बाकीचं ऐकणाऱ्याला समजतं. इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी शब्द निराळा, आणि त्या शब्दातच त्या माणसाचा दोष किंवा निर्दोषपणा बसलेला असतो. नवीन मुलं माझ्याकडे काम शिकायला येतात तेव्हा मी पहिले दोन दिवस हेच एक क्रियापद शिकवते.

ते का, हे सांगायला माझी एक चूक सांगावी लागेल. कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. खानापूर तालुक्यातली मारामारीची केस होती. पोलिसांच्या अहवालात ओळ होती: ‘सदर इसमाचा त्याचे राहते घरी शोध घेतला असता तो मिळून आला नाही.’ मी लिहिलं, ‘ही वॉज फाउंड टू बी ॲबस्काँडिंग.’ वाक्य मला भारदस्त वाटलं होतं. जामिनाच्या सुनावणीत तीच ओळ त्याच्याविरुद्ध वाचली गेली. त्याचे वकील कागद घेऊन घरी आले आणि म्हणाले, “ताई, माणूस गलाईला गेलाय, कोइमतूरला. शेठनं बोलावलं म्हणून दरवर्षीसारखा गेला. तो फरार कुठनं झाला?” मी मूळ कागद काढला. त्यात ‘फरार’ हा शब्दच नव्हता. विटा-खानापूर भागातली हजारो माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी भट्टीत वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली असतात, घरी मिळून न येणं तिथं नेहमीचंच. दुरुस्त पान दाखल होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्याची बायको दोनदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात मी केलेल्या भाषांतराची झेरॉक्स होती.

तेव्हापासून मी शब्द निवडण्याआधी चार गोष्टी विचारते. त्याला कुणी धरून, कोंडून ठेवलं होतं का? तो कशाच्या भीतीनं गेला: जिवाच्या, शिक्षेच्या की घरच्यांच्या? मागावर कुणी होतं का? आणि जाताना त्याच्याबरोबर काय होतं, किंवा कोण होतं? चारांची उत्तरं मूळ कागदात सापडली नाहीत तर सगळ्यात साधा शब्द घ्यायचा, ‘लेफ्ट’ किंवा ‘वेंट अवे’. भारदस्त शब्द घ्यायचा नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण ‘एस्केप’ आणि ‘फ्ली’ यांतला सगळा फरक तिथंच आहे. ‘एस्केप’ला आधी बंधन लागतं. कोठडी, पहारा, वेढा, आग लागलेली खोली, पकडलेला हात. त्यातून माणूस सुटला की ‘एस्केप्ड’. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, ‘अंगरख्यातून बाहेर’ असा काहीसा त्याचा अर्थ: पकडणाऱ्याच्या हाती वस्त्र राहिलं, माणूस निसटला. मुलांना हे चित्र एकदा सांगितलं की ती पुन्हा चुकत नाहीत. आपल्या इतिहासातलं उदाहरण घ्या. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले, तेव्हा भोवती फौलादखानाचा पहारा होता. मराठीत आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो, ‘आग्र्याहून पळाले’ असं म्हणत नाही. इंग्रजीतही तिथं ‘एस्केप’च येतो. ‘सुटका’ हा आपला शब्द त्या अर्थाच्या अगदी शेजारी बसतो. म्हणून मी सांगते: मराठी वाक्यात ‘पळून’च्या जागी ‘सुटून’ किंवा ‘निसटून’ घालून बघा. वाक्य टिकलं तर ‘एस्केप’, नाही टिकलं तर दुसरा शब्द शोधा.

‘फ्ली’ला बंधन लागत नाही, धोका लागतो. घराला आग लागली, गावात दंगल उसळली, समोरून तलवारी आल्या. माणूस मोकळाच आहे, पण थांबला तर संपेल. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीत शिरलं. जी माणसं रातोरात भांडीकुंडी टाकून निघाली ती ‘फ्लेड देअर होम्स’. ज्यांना बोटीतून काढलं ती ‘वेअर इव्हॅक्युएटेड’. दोन्ही घरं सारखीच बुडाली, पण पहिल्यात माणूस स्वतः निघाला आणि दुसऱ्यात त्याला बाहेर नेलं. नुकसानभरपाईच्या अर्जांची भाषांतरं करताना हा फरक मी कटाक्षानं पाळला.

आणखी एक भेद आहे, तो शाळेत कुणी सांगत नाही. ‘फ्ली’मध्ये माणूस वाचला की नाही हे कळत नाही, ‘एस्केप’मध्ये सुटणं झालेलं असतं. ‘ही फ्लेड, बट दे कॉट हिम ॲट द नेक्स्ट कॉर्नर’ हे वाक्य सरळ आहे. सुटकेचा नुसता प्रयत्न फसला असेल तर मात्र ‘एस्केप्ड’ लिहू नका, ‘ट्राइड टू एस्केप’ लिहा. आमच्या सांगलीचीच एक घटना यासाठी मी नेहमी फळ्यावर घेते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या टाकल्या, पोलीस मागे लागले, गोळीबारात दादा जखमी झाले आणि पकडले गेले. ‘तुरुंग फोडला’ हे ‘ब्रोक आउट ऑफ जेल’, कारण जोर फोडण्यावर आहे. बाहेर पडल्यावर धावणं हे ‘फ्लेड’ किंवा नुसतं ‘रॅन’. पूर्ण घटनेला ‘एस्केप’ म्हणता येईल, पण पुढे ‘वॉज रीकॅप्चर्ड’ लिहायलाच हवं. एका दुपारच्या गोष्टीला चार क्रियापदं लागतात, प्रत्येक आपापल्या क्षणाला.

व्याकरणात दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘फ्ली’चा भूतकाळ ‘फ्लेड’. ‘फ्ल्यू’ हा उडण्याचा भूतकाळ आहे. ‘द अक्यूज्ड फ्ल्यू फ्रॉम द स्पॉट’ असं मी एका कागदात वाचलं आहे, म्हणजे आरोपी उडाला. दुसरं ‘फ्रॉम’चं. जागेतून किंवा माणसाच्या ताब्यातून सुटला तर ‘एस्केप्ड फ्रॉम’. शिक्षा, मरण, अपघात टळला तर ‘फ्रॉम’ नको: ‘ही एस्केप्ड पनिशमेंट’. ‘फ्लेड द कंट्री’, ‘फ्लेड द व्हिलेज’ यांतही ‘फ्रॉम’ लागत नाही. ‘त्याचं नाव आता आठवत नाही’ हे इंग्रजीत ‘हिज नेम एस्केप्स मी’ असं येतं, जबाबात हे वाक्य वारंवार लागतं. साक्षीदाराच्या तोंडी ते शोभत नसेल तर ‘आय डू नॉट रिमेंबर हिज नेम’ लिहा, तेच जास्त प्रामाणिक.

कैद्यांच्या कागदांत एक सापळा आहे. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) गेलेला कैदी मुदतीत परत आला नाही, तर तुरुंगाच्या पत्रात बऱ्याचदा ‘पळून गेला’ असंच येतं. पण त्याला दार उघडून बाहेर सोडलेलं असतं. तो ‘फेल्ड टू रिटर्न’ किंवा ‘ओव्हरस्टेड’. गुन्हा त्याच्यावर दाखल होतो हे खरं, पण भिंत ओलांडणाऱ्याच्या आणि उशिरा परतणाऱ्याच्या कहाण्या एक नाहीत. यातले कितीतरी जण आईच्या आजारपणापायी अडकलेले असतात.

आता ‘फरार’. इंग्रजीत ‘ॲबस्काँड’. मुळात या शब्दाचा अर्थ पळणं नाहीच, लपणं आहे. लॅटिन मूळ तेच सांगतं आणि आपला कायदाही तेच धरतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४, हे अशा माणसासाठी आहे ज्याच्यावर वॉरंट निघालं आहे आणि ते बजावता येऊ नये म्हणून तो फरार आहे किंवा स्वतःला लपवतो आहे असं कोर्टाला वाटतं. मग कोर्ट जाहीरनामा काढतं, हजर व्हायला किमान ३० दिवस देतं. म्हणजे माणूस स्वतःच्या माळ्यावर लपून बसला तरी फरार ठरू शकतो आणि हजार किलोमीटरवर उघडपणे भट्टी चालवणारा नाही ठरत. अंतराचा यात संबंध नाही. लपण्याचा हेतू लागतो. म्हणून हा शब्द लिहिताना मी मूळ कागदावर बोट ठेवून बघते: ‘फरार’ लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर ‘ॲबस्काँडिंग’. ‘फरार घोषित’ असेल तरच ‘प्रोक्लेम्ड’. ‘मिळून आला नाही’ असेल तर ‘वॉज नॉट फाउंड’. ‘पाहिजे आरोपी’ असेल तर ‘वाँटेड’. या चार पायऱ्या आहेत, आणि भाषांतरकारानं माणसाला स्वतःहून वरच्या पायरीवर चढवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९७१च्या मात्रू खटल्यात म्हटलं आहे की नुसतं फरार होणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, निर्दोष माणूसही घाबरून जाऊ शकतो.

‘उचल घेऊन पळाला’ हे आमच्या भागातलं खास वाक्य. ऊसतोडीच्या मुकादमाच्या फिर्यादीत हमखास असतं. इथं ‘ॲबस्काँडेड विथ द ॲडव्हान्स’ बसतं, कारण घेतलेल्या पैशाची जबाबदारी टाळून गेल्याचा आरोप या शब्दात येतो. फक्त सुरुवातीला ‘अकॉर्डिंग टू द कम्प्लेनंट’ घालायला विसरू नका. मुकादमाचं म्हणणं ते मुकादमाचंच राहिलं पाहिजे. तोडणी कामगाराची बाजू त्याच फाइलमध्ये चार पानं पुढे असते.

‘फरार’च्या शेजारी मराठीत आणखी एक शब्द आहे, तो मला फार प्रिय आहे: ‘भूमिगत’. बेचाळीसच्या चळवळीत सातारा-सांगली भागात प्रतिसरकारची माणसं वर्षानुवर्षं रानात, वस्त्यांवर, लोकांच्या घरांत राहिली. इंग्रज सरकारच्या लेखी ती फरार, गावाच्या लेखी भूमिगत. क्रांतिसिंह नाना पाटलांना आमच्याकडे कुणी फरार म्हणणार नाही. इंग्रजीतही तसाच जोड आहे: ‘ॲबस्काँडेड’ आणि ‘वेंट अंडरग्राउंड’. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे जुने कागद माझ्याकडे आले तेव्हा मी प्रत्येक ठिकाणी पाहिलं की बोलतंय कोण. पोलीस दप्तरातला उतारा असेल तर ‘ॲबस्काँडर’, त्या माणसाचा स्वतःचा अर्ज असेल तर ‘अंडरग्राउंड वर्कर’.

सगळ्यात जपून वागायचं ते मुलींच्या बाबतीत. मराठीत ‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’ यांत एका ‘व’चा फरक, आणि त्या ‘व’वर एखाद्या मुलाची दहा वर्षं टांगलेली असतात. बापाच्या फिर्यादीत ‘पळवून नेले’, ‘फूस लावून पळवले’ असं असतं. त्याच फाइलमध्ये मुलीच्या जबाबात ‘मी माझ्या मर्जीने त्याच्यासोबत निघून गेले’ असं असतं. दोन्ही वाक्यांना एकच इंग्रजी शब्द देऊन टाकणारी भाषांतरं मी पाहिली आहेत. तसं कधी करू नका. बापाचं वाक्य ‘किडनॅप्ड’ किंवा ‘एन्टाइस्ड अवे’. मुलीचं वाक्य ‘आय लेफ्ट विथ हिम ऑफ माय ओन विल’. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं नेमका हाच भेद केला: अल्पवयीन मुलीला ‘घेऊन जाणं’ वेगळं आणि ती आपणहून निघून आली असताना तिला ‘सोबत येऊ देणं’ वेगळं. त्या केसमध्ये आरोपी सुटला तो या भेदावर. आता मुलीच्या भाषांतरित जबाबात ‘ही टुक मी’ पडलं की ‘आय वेंट विथ हिम’ पडलं, यानं काय होईल ते तुम्हीच बघा.

‘इलोप’ हा शब्द यात कुठे बसतो? दोघांनी संमतीनं, घरच्यांना न सांगता, लग्नासाठी निघून जाणं म्हणजे ‘इलोप’. दोघंही कर्ते: ‘दे इलोप्ड’. ‘ही इलोप्ड हर’ असं इंग्रजीत होत नाही, ‘इलोप्ड विथ’ लागतं. शब्दाच्या पाठीमागे इंग्लंडचा इतिहास आहे. १७५३च्या विवाह कायद्यानं तिथं एकविसाखालच्या मुलामुलींना पालकांच्या संमतीची अट घातली, स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन या गावात जाऊन लग्न लावत. आजही ‘इलोप’ म्हटलं की इंग्रजाला ते गाव आठवतं. वयानं मोठी, राजीखुशीची जोडी असेल तर हा शब्द गोड आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर मी तो कधीच वापरत नाही. त्यानं गोष्टीला प्रेमकथेचा रंग येतो, आणि तो रंग देणं माझं काम नाही.

याच शब्दानं आमच्या घरात एकदा सगळ्यांना हादरवलं. माझी भाची अमेरिकेत वृद्धांच्या केंद्रात नर्स आहे. तिनं फोनवर सांगितलं, “मावशी, काल रात्री आमचे एक आजोबा इलोप झाले, ब्याऐंशी वर्षांचे, पहाटेपर्यंत शोधत होतो.” मला काही कळेना. तिथल्या दवाखान्यात स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण कुणाच्या नकळत बाहेर निघून गेला तर त्याला ‘इलोपमेंट’ म्हणतात, नोंदीचा तो ठरलेला शब्द आहे. आजोबा रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर बसलेले सापडले, घरी जायचं म्हणत होते. आपल्याकडच्या केसपेपरवर अशा रुग्णापुढे ‘ॲबस्काँडेड’ लिहितात. त्या बापड्या म्हाताऱ्याला तो शब्द किती जड होतो! भाषांतर करताना मूळ नोंद बदलता येत नाही, पण मराठीत ‘रुग्ण निघून गेला’ असेल तर इंग्रजीत ‘द पेशंट लेफ्ट अनॲटेंडेड’ लिहा.

विवाहाच्या केसमध्ये ‘सोडून गेली’, ‘माहेरी निघून गेली’, ‘नांदायला येत नाही’. याला ‘डिझर्टेड’ लिहायचा मोह होतो. ‘डिझर्ट’ म्हणजे जिथं राहणं कर्तव्य होतं ते ठिकाण किंवा माणूस टाकून जाणं. सैनिक पलटण सोडून जातो तेव्हा हाच शब्द. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३मध्ये सलग दोन वर्षांचं ‘डिझर्शन’ हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि ते वाजवी कारणाशिवाय असावं लागतं. म्हणजे हा शब्द लिहिला की निम्मा निकाल लिहिला. मारहाणीला कंटाळून माहेरी गेलेल्या बाईनं नवऱ्याला ‘डिझर्ट’ केलेलं नाही, ती फार तर ‘फ्लेड’. मी लिहिते, ‘शी वेंट टू हर पॅरेंटल होम.’ पुढचं कोर्ट ठरवील.

बाकीचे शब्द झटपट. ‘दागिने घेऊन पसार’ला आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘डिकॅम्प्ड विथ’ लिहितात. मुळात तो तळ उठवण्याचा लष्करी शब्द आहे. इंग्लंडमधला माणूस तिथं ‘मेड ऑफ विथ’ म्हणेल, मीही तेच लिहिते. बैल उधळला, घोडा बिथरून सुटला तर ‘बोल्टेड’, गर्दी उधळली तर ‘स्टँपीड’. ‘गुंगारा दिला’ म्हणजे ‘इल्यूडेड’ किंवा ‘गेव्ह देम द स्लिप’, कारण मागावर कुणीतरी आहे. अटक, कर, प्रश्न चुकवत राहिला तर ‘इव्हेडेड’. ‘काढता पाय घेतला’मध्ये धावणं नाही, तेव्हा ‘स्लिप्ड अवे’ पुरे. घरातून रागावून गेलेलं पोर ‘रॅन अवे फ्रॉम होम’, त्याला ‘एस्केप्ड’ लिहिलं तर घरात कोंडलं होतं असा अर्थ निघेल, आणि कधी कधी खरंच कोंडलेलं असतं, म्हणून कागद शेवटपर्यंत वाचा.

आता एक उतारा घेऊन दाखवते. आमच्या भागातल्या फिर्यादींत असतो तसा, मी सरावासाठी लिहिलेला:

‘आरोपी क्र. १ याने पोलीस शिपायाच्या हाताला हिसडा देऊन अंधाराचा फायदा घेऊन उसाच्या फडात पळ काढला. आरोपी क्र. २ हा मोटारसायकल जागेवर टाकून पसार झाला. आरोपी क्र. ३ याचा राहते घरी शोध घेतला असता मिळून आला नाही.’

पहिल्यासाठी मी आधी फाइलमध्ये अटक पंचनामा शोधते. अटक झालेली असेल तर ‘एस्केप्ड फ्रॉम कस्टडी’, आणि त्याचं वेगळं कलम लागतं. नुसता हात धरला असेल तर ‘ब्रोक फ्री ऑफ द कॉन्स्टेबल्स ग्रिप अँड रॅन इंटू द शुगरकेन अंडर कव्हर ऑफ डार्कनेस’. दुसऱ्याला कुणी धरलं नव्हतं: ‘फ्लेड, लीव्हिंग द मोटरसायकल बिहाइंड’. तिसऱ्याचं वाक्य सगळ्यात लहान: ‘वॉज लुक्ड फॉर ॲट हिज हाउस अँड वॉज नॉट फाउंड’. हवालदार जिथं थांबले तिथंच मी थांबते. हा माणूसही कदाचित कोइमतूरला असेल.